लोणारच्या गाळाची साक्ष

(जिल्हा बैठकीत अभ्यासगटाच्या वतीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'गाळ' एवढाच विषय लिहिलेला पाहून मागच्या रांगेत थोडे हसू झाले, ते आम्ही ऐकले. भावाचा प्रश्न आहे, कर्जाचा आहे, विजेचा आहे, आणि हे लोक गाळ कसला घेऊन बसले, असे कुणाला वाटले तर आम्ही रागावणार नाही. अर्धा तास द्या. शेवटी आम्ही भावावरच येणार आहोत.

गाळ आपल्याला नवा नाही. उन्हाळ्यात गावतलाव आटला की ट्रॉल्या लावून आपण गाळ काढतो आणि रानात पसरतो. २०१७ पासून तर सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजनाच काढली. पण गाळ खणताना कडेला उभे राहून त्या कापलेल्या भिंतीकडे कधी नीट पाहिले आहे काय? ती भिंत एकसारखी नसते. एक थर काळा, एक पिवळसर, मध्येच बोटभर वाळू. जाणती माणसे बोट लावून सांगतात, हा अमक्या पुराचा थर, हा तलाव सलग आटला तेव्हाचा. म्हणजे गाळ वाचता येतो हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. शास्त्रज्ञांनी एवढेच केले की हे वाचन दोन-चार पावसाळ्यांवर न थांबवता हजारो वर्षे मागे नेले. आणि त्यांनी ते जिथे केले ते एक ठिकाण आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले आहे. लोणारचे सरोवर.

लोणारच का?

आम्ही चौघे मुद्दाम लोणारला जाऊन आलो. बरेच जण सहलीला किंवा यात्रेला गेले असतील. आकाशातून अशनी पडून काळ्या खडकात हा खड्डा झाला. तोंड सुमारे १.८ किलोमीटर रुंद, काठावरून खाली तळ्यापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटरचा उतार. काठावरच्या झऱ्यांचे पाणी आत येते, पावसाळ्यात चारी बाजूंच्या उतारांवरून ओहोळ उतरतात. पण आत आलेल्या पाण्याला बाहेर वाहून जायला नदी नाही, नाला नाही. पाणी जाते ते मुख्यतः वाफ होऊनच.

म्हणून हे तळे म्हणजे निसर्गाने उघड्यावर मांडलेली एक परातच आहे. पाऊस चांगला झाला तर परात भरते, पाणी पातळ राहते. पाऊस मागे पडला तर परात आटत जाते आणि पाण्यातला खार घट्ट होतो. पाणी आधीच खारे. लोणार हे नावच लवणाशी जोडलेले आहे, आणि तिथला खार पापडखाराच्या जातीचा आहे.

आता गुऱ्हाळ आठवा. काहिलीत उसाचा रस उकळतो तोवर त्यात दाणा दिसत नाही. रस आटत आटत एका टप्प्यावर आला की मगच गुळाचा दाणा धरतो. दाणा दिसला म्हणजे रस किती आटला हे गुळव्याला वेगळे सांगावे लागत नाही. लोणारच्या पाण्याचेही तसेच आहे. पाणी एका मर्यादेपलीकडे आटले की त्यात 'गेलुसाइट' नावाच्या खनिजाचे स्फटिक धरतात. सोडियम आणि कॅल्शियम यांचा तो कार्बोनेट खार आहे. हे स्फटिक गाळात अडकून पडतात. पुढे पाऊस परत आला, तळे भरले, तरी खाली दडलेले स्फटिक साक्षीला राहतात.

गाळ कसा वाचतात

२००८ मध्ये जर्मनी आणि भारताच्या शास्त्रज्ञांनी मिळून लोणारच्या तळात नळी उतरवली आणि सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा उभा नमुना वर काढला. बोअर घेताना माती, मुरूम, खडक क्रमाने वर येतात तसेच हे. फक्त इथे क्रम न मोडता सगळा गाळ आख्खा काढायचा असतो. या १० मीटरमध्ये ११,००० वर्षांहून थोडा अधिक काळ साठलेला निघाला. हिशेब करा. सरासरीने वर्षाला एक मिलिमीटरच्या आतबाहेर गाळ. आपल्या आजोबा-पणजोबांचे शंभर वर्षांचे सगळे हाल, सगळी सुगी त्या नळीत वीतभरसुद्धा जागा घेत नाही. चार बोटे फार झाली.

थराचे वय कसे ठरवतात हा प्रश्न आम्हालाही पडला होता. झाड, गवत, जनावर जिवंत असते तोवर हवेतला 'कार्बन-१४' त्याच्या अंगात जात राहतो. मेले की आवक बंद. मग आत असलेला साठा ठरल्या गतीने कमी होत जातो. ५,७३० वर्षांत निम्मा. किती उरला ते मोजले की किती वर्षे झाली ते कळते. पण यात एक खोटा साक्षीदार असतो. अशा खारट तळ्याच्या पाण्यात जुना कार्बन विरघळलेला असतो. पाण्यातच वाढलेले शेवाळ तो जुना कार्बन अंगात घेते आणि आपले वय आहे त्याहून जास्त दाखवते. म्हणून वय काढायला जमिनीवरचे पान, काडी, लाकडाचा तुकडा शोधतात. साक्षीदार पारखून घ्यावा लागतो, हे कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

दुसरा साक्षीदार पानावरचा मेणाचा लेप. उसाच्या कांड्यावर पांढरी भुकटी असते ना, त्या जातीचे मेण. पान कुजते, पण हे मेण हजारो वर्षे गाळात टिकते. आणि मेण कोणत्या जातीच्या वनस्पतीचे हे त्यातल्या कार्बनवरून कळते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि आपल्या माळरानातली बहुतेक गवते हवेतला कार्बन एका पद्धतीने धरतात. झाडे-झुडपे, कापूस, गहू, हरभरा दुसऱ्या पद्धतीने. म्हणजे त्या काळी लोणारच्या उतारावर दाट झाडी होती की उघडे गवत, याचा पत्ता मेण देते. शिवाय फुलांचे पराग असतात, शंखशिंपले असतात, मातीचा कण बारीक की जाड हे असते. एकट्या साक्षीदारावर निकाल देत नाहीत. चौघांचे जबाब जुळले तरच गोष्ट खरी धरतात.

गाळाने काय सांगितले

आता निकाल ऐका. सुषमा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये छापला. स्फटिकांचा अभ्यास त्याच्या वर्षभर आधी आला होता.

नमुन्याचा तळाचा भाग, म्हणजे सुमारे ११,००० ते ६,००० वर्षांपूर्वीचा काळ, बहुतांश पाणीदार होता. तळे खोल, काठाला झाडी. तेव्हा पाऊस जोरदार का होता याचे कारण आकाशात आहे. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीत. त्या काळी ती आपल्या उन्हाळ्यात जवळ येत होती. जमीन जास्त तापायची, समुद्रावरून वारे जास्त ओढले जायचे, मोसमी पाऊस सज्जड पडायचा. ही चाल हळूहळू बदलत गेली तसा पाऊसही ओसरत गेला आणि गवताचा भाग वाढला.

आणि मग ते स्फटिक. १० मीटरच्या नमुन्यात गेलुसाइट फक्त दोन ठिकाणी सापडला. पहिला पट्टा सुमारे ४,६३० ते ३,८९० वर्षांपूर्वीचा. दुसरा सुमारे २,०४० ते ५६० वर्षांपूर्वीचा. ही वर्षे १९५० पासून मागे मोजायची असा रिवाज आहे. म्हणजे पहिला कोरडा काळ इसवी सनापूर्वी साधारण २६८० ते १९४०, आणि दुसरा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत. काही दशके मागेपुढे धरायला हरकत नाही.

पहिला काळ सुमारे ७४० वर्षांचा. दुसरा सुमारे १,४८० वर्षांचा. भावांनो, आपण दोन वर्षे पाऊस पडला नाही की आभाळ कोसळले म्हणतो, आणि ते खोटेही नाही. पण गाळ सांगतो की याच भूमीवर पावसाने पिढ्यान् पिढ्या हात आखडता घेतलेला आहे. एका पिढीला २५ वर्षे धरली तर पहिल्या काळात जवळजवळ ३० पिढ्या बसतात.

यातला गैरसमज आधीच काढून टाकू. १,४८० वर्षे थेंब पडला नाही असे कुणी म्हणत नाही. दर साली अवर्षण होते असेही नाही. मधून भरघोस वर्षेही आली असतील. गाळाला एकेक वर्ष वेगळे दिसत नाही, त्याला दिसतो तो एकूण कल. येणाऱ्या पाण्यापेक्षा उडून जाणारे पाणी दीर्घकाळ जास्त होते, एवढे तो ठामपणे सांगतो. आणि लोणार म्हणजे सारा महाराष्ट्र नव्हे, हेही ध्यानात ठेवू.

पण लोणार एकटेही नाही. हरियाणातल्या कोटला डहर या जुन्या तळ्याच्या गाळातले शंख तपासले, तेव्हा सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी पावसाळा अचानक ढिला पडल्याचे २०१४ मध्येच पुढे आले. मेघालयातल्या मावम्लू गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने वाढलेल्या चुनखडीच्या खांबात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीची तीच खूण सापडली. ती इतकी ठळक की २०१८ मध्ये जगाच्या भूशास्त्रज्ञांनी तिथपासून आजपर्यंतच्या कालखंडाला 'मेघालयन' हे नाव दिले. लोणारच्या पहिल्या कोरड्या पट्ट्यात हे दोन्ही बसते. एवढा पाऊस कशाने ढळला? लोणारच्या अभ्यासकांनी त्याचा संबंध हिंदी आणि पॅसिफिक महासागरांच्या सीमेवरच्या गरम पाण्याच्या पट्ट्याशी जोडला आहे. एल निनोचे नाव आपण बातम्यांत ऐकतो, तो याच समुद्राच्या घरातला.

सरासरीचा घोळ

हे ऐकून शेतकऱ्याने काय करायचे? पहिली गोष्ट, 'सरासरी' या शब्दाकडे जरा डोळे उघडून पाहायचे.

दर वर्षी एप्रिलमध्ये हवामान खाते सांगते, यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस. ही सरासरी देशभरासाठी जून ते सप्टेंबर सुमारे ८७ सेंटिमीटर धरली आहे. ती कुठून आली? १९७१ ते २०२० या ५० वर्षांच्या नोंदींवरून. २०२२ पूर्वी ती ८८ सेंटिमीटर होती, कारण तेव्हा १९६१ ते २०१० ही वर्षे धरली होती. यात खात्याची लबाडी नाही, असा हिशेब जगभर करतात. पण दहा वर्षांच्या सरकण्याने जी बदलते ती सरासरी म्हणजे देवाघरची रेघ नव्हे, एवढे आपण समजून घ्यावे.

आता कृष्णेचे पाणी घ्या. बच्छावत लवादाने १९७३ मध्ये निवाडा दिला तो ७८ वर्षांच्या प्रवाहाच्या नोंदींवर. ७५ टक्के भरवशाचे पाणी २,०६० अब्ज घनफूट. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये ४७ वर्षांची नोंद धरली आणि ६५ टक्के भरवशाने २,२९३ अब्ज घनफुटांचा हिशेब मांडला. भरवसा १०० पैकी ७५ वर्षांवरून ६५ वर्षांवर आणला, नोंदींची वर्षे बदलली, आणि कागदावर २३३ अब्ज घनफूट पाणी वाढले. त्याने आभाळातून थेंबभरही जास्त पडले नाही. धरणे, कालवे, साखर कारखाने, शहरांच्या नळयोजना हे सगळे अशा पाऊणशे-पन्नास वर्षांच्या वहीवर उभे आहे. लोणारची वही ११,००० वर्षांची आहे, आणि तिच्यात दुष्काळ मोजायचे माप शतके हे आहे.

त्यात आता नवे संकट मिसळले आहे. जुने बदल सूर्याच्या आणि समुद्राच्या चालीने झाले. आजची हवा तापते आहे ती कोळसा आणि तेल जाळून. तापलेली हवा एका अंशामागे सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात एकाच वेळी मोठ्या मुलखाला झोडपणारा अतिमुसळधार पाऊस तिपटीने वाढल्याचे २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले. म्हणजे एकीकडे खंड, दुसरीकडे ढगफुटी. म्हणून आम्ही गाळाला पंचांग मानत नाही. पुढच्या साली काय होईल ते गाळ सांगणार नाही. काय काय होऊ शकते, ते तो सांगतो.

अवर्षण वेगळे, दुष्काळ वेगळा

आता मुद्द्याचे बोलू. इथे काही विद्वान लगेच म्हणतील, बघा, पाऊसच हजारो वर्षे असा लहरी आहे, मग शेतकऱ्याच्या हालाला कोण काय करणार? निसर्गाची करणी. या म्हणण्याला गाळानेच उत्तर दिले आहे, आणि त्यासाठीच आम्ही हा विषय इथे आणला.

दुसऱ्या कोरड्या काळाची तारीख पुन्हा पाहा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत. या काळात आपल्या मुलखात काय चालले होते? पैठणला सातवाहनांचे राज्य बहरले. वाकाटकांच्या अमलात पाचव्या शतकात अजिंठ्याची उत्तम लेणी कोरली गेली. देवगिरीला यादव आले. ज्ञानेश्वरी याच काळात लिहिली गेली. लोणारचे तळे आटलेले, पाण्यात स्फटिक धरलेले, आणि मुलूख नांदता! रयतेला हाल नव्हते असे आम्ही म्हणत नाही. लेणी कोरणाऱ्यांना भाकरी कोण पुरवत होते ते आपण जाणतो. पण तळे आटले म्हणून संस्कृती बुडाली, एवढे सोपे गणित इथे लागू पडत नाही.

तसाच दाखला राजस्थानचा. बिकानेरकडच्या लूणकरणसरच्या तळ्याचा गाळ तपासून १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितले की ते तळे हडप्पा संस्कृती भरात येण्याच्या सुमारे १,००० वर्षे आधीच पार आटले होते. म्हणजे हडप्पाची नगरे उभी राहिली ती कोरड्या हवेतच.

आणि उलटा दाखलाही घ्या. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव निघाले. चौकोनी घरे, धान्याच्या कणग्या, आणि पुराचे पाणी वळवायला बांध आणि पाट. पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास मोठी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती मागे पडून शिकार वाढली, आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव उठले. ढवळीकरांनी याचे कारण पाऊस कमी झाला असे दिले. इतरांनी त्यावर शंका घेतल्या आहेत. लोणारच्या स्फटिकांचे दोन पट्टे पाहिले तर इनामगाव उठले तो काळ दोन्हीत बसत नाही. म्हणजे गाव उठण्याचे सगळे माप पावसाच्या पदरात टाकता येत नाही.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. पाऊस न पडणे म्हणजे अवर्षण. खायला न मिळणे, गाव सोडावे लागणे म्हणजे दुष्काळ. अवर्षण आभाळातून येते. ते दुष्काळ होते की नाही हे जमिनीवर ठरते.

दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण अजून सांगतात. १३९६ च्या सुमारास सुरू होऊन बारा वर्षे चालला म्हणतात. ती निव्वळ दंतकथा नाही. बस्तरच्या दंडक गुहेतल्या चुनखडीच्या खांबाने चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत पाऊस दशकेच्या दशके मागे पडल्याचे दाखवले आहे. पण त्याच पंधराव्या शतकातली म्हणून आपण दुसरी कथाही सांगतो, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. ती कथा काय सांगते? लोक अन्नाविना मरत होते आणि कोठारात धान्य होते. कुलूप होते म्हणून दुष्काळ होता.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ घ्या. पाऊस गेला १८७६ मध्ये. पण सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या त्या १८७५ मध्ये, म्हणजे आदल्याच वर्षी. सारा रोखीत भरायचा, त्यासाठी सुगीतच पडत्या भावाने धान्य विकायचे, राहिलेले सावकाराकडे. कणगी आधीच रिकामी केली होती, पाऊस मागून गेला. त्या दुष्काळात जोतीरावांनी आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला पोरांसाठी अन्नछत्र चालवले. त्याच जोतीरावांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये लिहून ठेवले की सरकारने फुकट बसलेल्या शिपायांकडून जागोजाग बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी आधी रानात मुरेल आणि मग नदीला जाईल. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणायला सरकारला पुढे शंभर वर्षे लागली.

आणि १९७२ चा दुष्काळ तर इथल्या जुन्या मंडळींनी अंगावर काढला. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. जनावरे गेली, हाल झाले. पण १८७६ सारखी माणसे रस्त्याच्या कडेला मेली नाहीत. पाऊस दोन्ही वेळा गेलाच होता. फरक पडला तो मजुरी आणि धान्य हातात पडण्याने. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला.

मग मागायचे काय आणि करायचे काय

गाळ वाचून आमच्या अभ्यासगटाच्या तीन गोष्टी ठरल्या. बैठकीने त्यावर बोलावे.

पहिली गोष्ट भावाची. कोरडा काळ कधी येईल सांगता येत नाही, तो किती लांबेल तेही सांगता येत नाही. अशा वेळी तरण्याचा एकच उपाय माणसाला सापडला आहे: सुकाळात साठवणे. पण साठवणार कोण आणि कशातून? सुकाळाच्या वर्षी माल आला की भाव पडतो. भाव जरा वर निघाला की साठ्यावर मर्यादा येते, निर्यातीवर बंदी येते, बाहेरचा माल उतरवला जातो. चांगल्या वर्षी चार पैसे गाठीला बांधू द्यायचे नाहीत आणि वाईट वर्षी तगाईच्या रांगेत उभे करायचे, याला दुष्काळाशी लढणे म्हणत नाहीत. सुकाळातला भाव हीच शेतकऱ्याची दुष्काळाची तरतूद आहे. पूर्वी ती कणगीत असायची, आज ती बँकेत असायला हवी. आम्हाला ती स्वतः करू द्या, एवढेच मागणे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. सरकारने पाण्याचा कोणताही आराखडा मांडताना किती वर्षांची नोंद धरली आणि किती टक्के भरवसा धरला, हे मराठीत, ठळक अक्षरात, गावात लावावे. कालव्याच्या भरवशावर आपण विहिरीला, पाइपलाइनला, उसाच्या बेण्याला कर्ज काढतो. भरवसा १०० पैकी ६५ वर्षांचाच असेल तर उरलेल्या ३५ वर्षांत हप्ता कुणी भरायचा, हे कर्ज देताना बोलले पाहिजे.

तिसरी गोष्ट आपली स्वतःची. सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. पर्जन्यमापक असतो महसूल मंडळाच्या ठिकाणी, आणि एका मंडळात अनेक गावे. आपल्या शिवारात किती पडला हे आपण विम्याच्या वेळी हातवारे करून सांगतो, कारण आपली वही नसते. विहिरींचे तर त्याहून वाईट. खालचे पाणी हे आपले जमिनीतले सरोवर आहे; मागच्या पिढ्यांचा मुरलेला पाऊस आपण एका उन्हाळ्यात उपसतो आणि किती उरला ते विचारत नाही. नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, हिवरे बाजारने पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून, मग पीक ठरवण्याची रीत पाडली. तिथे हे गावाने स्वतः ठरवले, कुणी वरून लादले नाही, म्हणून ते टिकले.

तेव्हा आमची सूचना अशी. प्रत्येक शाखेने आपल्या गावात एक पर्जन्यमापक बसवावा. शाळेतल्या पोरांनी रोज सकाळी वाचून लिहावे. गावातल्या पाच-सात विहिरी ठरवून, मृग लागताना, दिवाळीला, संक्रांतीला आणि पाडव्याला दोरीने पाण्याची खोली मोजावी. वहीवर तारीख आणि आकडा, बस. ती वही ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि मगच रब्बीचे बोलणे करावे. दहा वर्षांनी त्या वहीपुढे विमा कंपनीही बसेल आणि लवादाचा वकीलही.

आणि लोणारबद्दल एक शब्द. २०२० च्या जूनमध्ये तिथले पाणी गुलाबी झाले तेव्हा टीव्हीवाल्यांनी चमत्कार म्हणून दाखवले. तपासात निघाले ते असे की पाणी कमी होऊन खार वाढला आणि खाऱ्या पाण्यातच फोफावणारे सूक्ष्म जीव माजले. तीच आटणाऱ्या परातीची गोष्ट. त्याच वर्षी या सरोवराला रामसर यादीत जगाच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत स्थान मिळाले. ते पर्यटनासाठी राखावे तसेच आपल्या सातबाऱ्यासारखे जपावे. या भूमीच्या पावसाचा इतका जुना उतारा दुसऱ्या कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

परत येताना आम्ही काठावर थोडा वेळ बसलो होतो. खाली हिरवट पाणी, त्याखाली तो गाळ. सातवाहनांच्या काळातली धूळ त्यात आहे, दुर्गादेवीच्या काळातली आहे, १९७२ ची आहे. यंदा आपल्या रानातून उडालेली मूठभर मातीही कदाचित त्यावर जाऊन बसेल. पाऊस किती पडला ते तो गाळ लिहीलच. त्या पावसात शेतकरी कसा जगला, हे मात्र गाळात उतरत नाही. ते आपल्याला लिहायचे आहे, आणि ते चांगले लिहिता यावे म्हणून ही बैठक आहे.

पर्जन्यमापकासाठी नावे देणाऱ्या शाखांनी जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे यावे.